हिशेबाच्या वहीत न लिहिलेला खर्च

विडी-सिगारेट छातीला वाईट, हे आता शाळेतलं पोरही सांगतं. पण ती घरच्या पैशाला काय करते, याचा हिशेब आपण कधी मांडून पाहिला आहे का?

महिनाअखेर जवळ आली की गृहिणी वही घेऊन बसते. वाणी, दूध, घरभाडं, विजेचं बिल, मुलांची फी, भिशीचा हप्ता, सासूबाईंची औषधं. एकेका रकमेवर बोट ठेवत ती खाली येते आणि बेरजेपाशी अडते. हातात आलेले पैसे आणि वहीतला खर्च यांचा मेळ काही बसत नाही. सात-आठशे रुपये कुठं गेले ते सापडत नाही. बिचारी आपल्यालाच दोष देते. “माझाच हात सैल,” म्हणते आणि पुढच्या महिन्यात भाजी आणखी थोडी कमी आणते.

मैत्रिणींनो, पुष्कळ घरांत हे सात-आठशे रुपये हरवलेले नसतात. ते वहीत कधी लिहिलेच गेलेले नसतात. रोज वीस-पंचवीस रुपयांनी ते पानटपरीवर पोचते झालेले असतात. रक्कम लहान, रोजची आणि पुरुषाच्या खिशातली. म्हणून ती खर्चात धरायची असते हेच आपल्या लक्षात येत नाही. पुरुषाच्याही येत नाही. “दोन विड्या ओढतो, त्याचं काय एवढं!” असं तो म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्यानं बेरीज केलेली नसते, इतकंच.

बेरीज करून पाहू या

एक नमुन्याचं घर घेऊ. नवरा मालाचा टेम्पो चालवतो, बायको घरी शिवणकाम करते. दोघांचे मिळून महिन्याला पंधरा हजार येतात. दोन मुलं शाळेत आहेत. नवऱ्याला रोज विडीचा एक कट्टा लागतो. कट्ट्याचे २५ रुपये धरू आणि एक दिवसाआड दोन रुपयांची एक काडेपेटी. तुमच्या गावचा भाव वेगळा असेल, तर तो घालून हिशेब करा.

कट्ट्याचे महिन्याला ७५० रुपये. काडेपेट्यांचे ३०. एकूण ७८०. विडीबरोबर जो जादा चहा होतो तो यात धरलेला नाही. वर्षाचे होतात ९,३६०. म्हणजे मिळकतीतल्या दर शंभर रुपयांतले पाच रुपये धुरात जातात.

आता हेच ७८० रुपये दुसरीकडे ठेवून बघा. सात रुपयांचं एक अंडं धरलं, तर दोन्ही मुलांना रोज एकेक अंडं द्यायला महिन्याला ४२० रुपये लागतात. उरलेल्या ३६० रुपयांत दोन किलो तूरडाळ येते. अंडी खात नसाल तर तीस रुपयांना अर्धा लिटर या भावानं सव्वीस दिवसांचं दूध येतं. नाहीतर पोस्टात पाच वर्षांचं आवर्ती ठेवीचं खातं काढा. मुद्दलच ४६,८०० रुपये साठतं, व्याज वेगळं. धाकटी दहावीला पोचेल तेव्हा हे पैसे समोर उभे असतील.

आणखी एक गोष्ट. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये आहे आणि सुरक्षा विमा योजनेचा २० रुपये. दोन्ही बँकेच्या खात्यातून भरता येतात. पहिलीत वय अठरा ते पन्नास असताना नाव घालता येतं. मृत्यू झाला तर घराला दोन लाख मिळतात. दुसरी अपघातासाठी आहे. दोन्ही मिळून ४५६ रुपये, आणि तेही वर्षाचे. एका महिन्याच्या विड्यांपेक्षा कमी पैशांत टेम्पो चालवणाऱ्या माणसाचा वर्षाचा विमा होतो. तरी “विम्याला पैसे कुठून आणायचे?” हा प्रश्न आपण विचारतो. विडीच्या बाबतीत तो कुणीच विचारत नाही.

सिगारेटचं गणित याहून कडक आहे. पंधरा रुपयांची एक, अशा दिवसाला पाच धरल्या तर महिन्याला २,२५० रुपये आणि वर्षाला २७,००० होतात. पण ती सुटी घेतली की डोळ्यावर येत नाही. पाकीट घ्यायचं तर माणूस एकदा खिशाकडे बघतो. सुटी घेताना बघत नाही. महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्या विकायला बंदी घातली.

सरकारी पाहणी काय सांगते?

हा काही एका घराचा प्रश्न नाही. २०१६-१७ साली देशभर प्रौढांच्या तंबाखूच्या सवयींची मोठी पाहणी झाली. तेव्हा रोज सिगारेट ओढणाऱ्याचा महिन्याचा सरासरी खर्च सुमारे १,१९२ रुपये निघाला आणि रोज विडी ओढणाऱ्याचा सुमारे २८४ रुपये. हे तेव्हाचे भाव आहेत, बरं का! ऐकायला विडी स्वस्त वाटते. पण ती ओढणाऱ्याची मिळकतही तशीच तुटपुंजी असते. ज्याच्या घरात चाळीस रुपयांची भाजी दोन वेळा पुरवावी लागते, तिथं २८४ रुपये लहान नसतात.

आपल्या देशातल्या अर्थशास्त्रज्ञांनी या गोष्टीचा मागही काढला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तंबाखू वापरणारी घरं आणि न वापरणारी घरं यांचे खर्च शेजारी ठेवून पाहिले. तंबाखूच्या घरांत चार गोष्टींवरचा खर्च कमी आढळला: दूध, शिक्षण, स्वच्छ इंधन आणि करमणूक. ही यादी नीट वाचा. दूध मुलांचं, शिक्षण मुलांचं. स्वच्छ इंधन म्हणजे गॅस, तो आपल्या डोळ्यांसाठी आणि फुप्फुसांसाठी. विडी एकजण ओढतो आणि काटछाट दुसऱ्यांच्या वाट्याला येते.

२०११ सालच्या दुसऱ्या अभ्यासात याहून पुढचं गणित मांडलं होतं. तंबाखूवरचा आणि तंबाखूनं होणाऱ्या आजारांवरचा खर्च घरांच्या मिळकतीतून वजा केला, तर देशातल्या गरिबांच्या संख्येत सुमारे दीड कोटी माणसांची भर पडते, असं त्यात दिसलं. ही माणसं कागदावर दारिद्र्यरेषेच्या वर दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्या ताटात गरिबाचंच जेवण असतं.

कळतं, तरी सुटत का नाही?

इथं आपण थोडं थांबू. कारण इथपर्यंत वाचून एखादीच्या मनात येईल की आज संध्याकाळी यांना चांगलं सुनवायचं. सुनवण्याआधी दुसरी बाजूही ऐकून घ्या.

जड काम करणाऱ्या माणसाला विडी म्हणजे चार मिनिटांची सुट्टी असते. हमाली करताना, बांधकामावर, रात्रपाळीला, मुकादम दुसऱ्या कशासाठी बसू देत नाही, विडीसाठी देतो. दुपारचा डबा अपुरा असेल तर विडी भूक मारते. निकोटिनाचा तो गुणच आहे. धूर आत घेतल्यावर काही सेकंदांतच निकोटिन मेंदूत पोचतं आणि बरं वाटतं. अर्ध्या-पाऊण तासानं ते उतरू लागतं, मग चिडचिड, अस्वस्थपणा, कामात लक्ष न लागणं. पुन्हा एक ओढली की पुन्हा शांत. माणसाला वाटतं, विडीनं आपली काळजी हलकी केली. खरं तर तिनं स्वतःच आणलेली तलफ तेवढी भागवलेली असते. घरभाड्याची काळजी जिथल्या तिथंच असते, उलट पंचवीस रुपयांनी वाढलेली.

याचाच दुसरा फेरा असा की, पैशाची ओढाताण जितकी जास्त, तितकं व्यसन सोडणं अवघड. ऑस्ट्रेलियात काही हजार लोकांवर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना बिलं भरणं, भाडं देणं जड जात होतं, त्यांच्या हातून सिगारेट सुटण्याचं प्रमाण कमी होतं. ज्यांनी सोडली होती, त्यांच्यातही तंगीत असलेले पुन्हा तिकडे वळण्याची शक्यता जास्त होती. तंगीमुळे विडी आणि विडीमुळे तंगी, अशी ही घाण्याची फेरी आहे. तिच्यात अडकलेल्या माणसाला “तुम्हाला घराची पर्वाच नाही” म्हटलं तर तो जास्तच दुखावतो आणि तडक टपरीवर जातो.

आशेची गोष्ट अशी की फेरी तुटली की मनही हलकं होतं. “विडी सोडली तर हे वेडेपिसे होतील” ही धास्ती पुष्कळींना असते. २०१४ साली जगभरचे पुष्कळ अभ्यास एकत्र तपासण्यात आले, तेव्हा उलटंच दिसलं. सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि मनावरचा ताण, न सोडणाऱ्यांपेक्षा कमी झाला होता. पहिले काही आठवडे मात्र काढावे लागतात.

खरा खड्डा आजारपणाचा

रोजचे पंचवीस रुपये हा वरवरचा खर्च. मोठा खर्च दहा-पंधरा वर्षांनी दार ठोठावतो.

विडी पानाची, देशी, म्हणून सौम्य असा एक समज घराघरांत आहे. तो मनातून काढून टाका. विडीत तंबाखू थोडी असली तरी ती सारखी विझते, म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. त्यामुळे धूर छातीत खोल जातो. आपल्या देशातल्या मृत्यूंची पाहणी करून २००८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. विडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी कमी होतं, विडी ओढणाऱ्या बायकांचं आठ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं दहा वर्षांनी, असं त्यात आढळलं. क्षयाचंही तसंच. चेन्नईच्या बाजूला झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमध्ये क्षयानं मरण्याचं प्रमाण न करणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त होतं.

ही वर्षं कुठली जातात? म्हातारपणाची शेवटची तेवढीच जातात असं नव्हे. अनेकांची कमावती वर्षं जातात. मुलगी लग्नाची, मुलगा कॉलेजात, आणि घरचा कर्ता खोकत अंथरुणावर. इस्पितळाचा खर्च सरकारी योजनेतून भागला तरी बुडालेली मजुरी, जाण्या-येण्याचं भाडं, सोबत बसणाऱ्याचा खाडा कोण भरून देणार? तिथं मंगळसूत्र गहाण पडतं. तंबाखूमुळे देशाला २०१७-१८ या एका वर्षात बसलेला फटका १ लाख ७७ हजार कोटी रुपयांचा होता, असा अंदाज आहे. आपल्या घरापुरता तो आकडा एका सोन्याच्या वाटीएवढा असतो.

शिवाय घरातला धूर. त्याच २०१६-१७ च्या पाहणीत शंभरातल्या जवळजवळ एकोणचाळीस प्रौढांना घरातच दुसऱ्याच्या धुराचा त्रास होत होता. दोन खोल्यांच्या घरात “बाल्कनीत ओढतो” याला फारसा अर्थ नसतो, धूर दाराच्या फटीतून आत येतो. लहान मुलांना त्यानं दमा, कानाचं दुखणं, छातीचे आजार होतात. बाई गरोदर असेल तर बाळ कमी वजनाचं होण्याची भीती असते. डॉक्टरांच्या फीच्या त्या चिठ्ठ्याही खरं म्हणजे विडीच्याच खात्यावर लिहायला हव्यात.

आणि आपली मशेरी?

आता थोडं आपल्याविषयी. महाराष्ट्रात धूर ओढणारे तसे कमी. त्या पाहणीत शंभरात चारच्या आसपास निघाले. पण चघळण्याची, दातांना लावायची तंबाखू वापरणारे शंभरात चोवीस होते. त्यांत पुरुष आहेत तशा बायकाही आहेत. कुठल्याही प्रकारची तंबाखू वापरणाऱ्या बायका शंभरात सतरा. सकाळी दाताला मशेरी, दुपारी पानात तंबाखू. “दात दुखतात म्हणून लावते” असं सांगायचं, आणि ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असंही. ही तलफच असते, तिला औषधाचं नाव दिलेलं असतं. मशेरीनं तोंडाचे आजार होतात आणि गरोदरपणी बाळालाही त्रास पोचतो. तेव्हा वहीत त्यांच्या विडीचं पान उघडताना आपल्या मशेरीची पुडीही त्याच पानावर लिहा. दोघांनी मिळून सोडायचं ठरवलं तर बोलणं भांडणावर जात नाही.

विडी वळणाऱ्या हातांचं काय?

सोलापूर, सिन्नर अशा गावांतल्या वाचक भगिनी इथं एक रास्त प्रश्न विचारतील. “विडी बंद झाली तर ती वळणाऱ्या बायकांनी खायचं काय?” हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी, दिवसभर सुपात पान आणि तंबाखू घेऊन वाकून बसणं, अंगात भिनणारी ती धूळ. १९६६ साली विडी कामगारांसाठी खास कायदा झाला, तरी घरी बसून वळणाऱ्या बाईची कमाई तुटपुंजीच राहिली. तिला दुसरं बरं काम मिळायला हवं, आणि ते देणं समाजाचं नि सरकारचं काम आहे. आपल्या घरातल्या माणसानं खोकत राहणं हा काही तिच्या भाकरीवरचा उपाय नव्हे. तिच्या स्वतःच्या घरातही बहुधा हाच हिशेब चाललेला असतो.

घरात काय करता येईल?

त्या पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक सोडण्याचा विचार करत होते. म्हणजे तुमचे हेही मनातून तयार असण्याचा संभव आहे. तेव्हा:

१. आधी आठ दिवस नुसतं लिहा. बोलू नका, टोमणे नकोत. पगाराच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, वही पुढे ठेवा. “अहो, मुलांची फी भरायची आहे. विडीचे किती होतात ते आपण दोघं मिळून लिहू या का?” एवढंच. आकडा त्यांना स्वतःला काढू द्या.

२. सोडण्याचा दिवस त्यांनाच ठरवू द्या. सणाचा, मुलाच्या वाढदिवसाचा, कुठलाही. त्याच्या आदल्या रात्री घरातल्या विड्या, काडेपेट्या, राखेची वाटी, सगळं बाहेर काढा.

३. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड होईल, झोप उडेल, भूक वाढेल. त्या दिवसांत कर्जाचे, पाहुण्यांचे, सासर-माहेरचे विषय काढू नका. डब्यात दोन पोळ्या जास्त द्या, जोडीला भाजलेले चणे-शेंगदाणे.

४. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा. पाणी घोट घोट प्यायचं, खोल श्वास घ्यायचा, हाताला काम द्यायचं. खिशात बडीशेप, ओवा, लवंग, आवळकाठी असू द्या. सुपारी मात्र नको, तीही कर्करोगाला कारण होते. आणि विडीऐवजी तंबाखूची पुडी हा उपाय नव्हेच. खड्ड्यातून निघून विहिरीत पडण्यासारखं आहे ते.

५. वाचलेले पैसे डोळ्यांना दिसू द्या. रोजचे पंचवीस रुपये बरणीत टाकायचे, आणि टाकायचे त्यांनीच. महिन्यानं ती रक्कम वाणसामानात विरून जाऊ देऊ नका. निदान पहिल्या महिन्याचे पैसे घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा एखाद्या वस्तूसाठी खर्च करा. पुढचे पोस्टात ठेवा.

६. मदत मागायला लाजू नका. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी क्रमांक विडी-सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो. फोनला पैसे पडत नाहीत. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत समुपदेशकही असतात. तलफ फारच असेल तर डॉक्टर निकोटिनाचा च्युइंग गम किंवा गोळ्या देतात.

७. पुन्हा ओढली तर सगळं संपलं असं मानू नका. कायमची सुटण्याआधी दोन-चार वेळा पाय घसरतोच. “मला ठाऊकच होतं” हे वाक्य त्या दिवशी गिळून टाका.

आणि एक शेवटची, पण महत्त्वाची गोष्ट. ज्या घरात पैशाचा विषय काढला की हात उगारला जातो, तिथं हा हिशेब एकटीनं मांडायला जाऊ नका. आशाताई, दवाखान्यातले डॉक्टर, घरातला एखादा वडीलधारा, ज्यांचं ते ऐकतात त्यांच्याकरवी बोला. व्यसन सोडण्याची जबाबदारी ओढणाऱ्याची आहे, ती आपल्या माथ्यावर घेऊन झुरू नका. आपलं काम हिशेब समोर ठेवण्याचं आणि त्यांनी पाऊल उचललं तर सोबत राहण्याचं.

शरीर मात्र झटकन साथ देतं. सोडल्यावर वीस मिनिटांत नाडी उतरू लागते. दोन-तीन महिन्यांत दम टिकू लागतो, जिना चढताना धाप कमी लागते. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. चाळिशीत सोडली तरी पुष्कळ वर्षं परत मिळतात, आणि पन्नाशीत सोडली तरी काहीच मिळत नाही असं नाही.

येत्या महिन्याची वही आखाल तेव्हा दूध आणि किराणा यांच्या खाली एक ओळ जास्त आखा. तिथं “विडी-तंबाखू” असं लिहा आणि समोर खरा आकडा भरा.